नवव्या लेकराचा धर्मबाप

सुहोदोलच्या चर्चमध्ये मेणबत्त्या लावायला वाळू भरलेली दोन तबकं आहेत, एकावर एक. वरचं जिवंतांसाठी, खालचं मेलेल्यांसाठी. इतकं सोपं की लहान पोरगंही चुकणार नाही. पण येव्रोसिमा दर रविवारी तिथं येऊन अडायची. नवऱ्याची खाली, मुलाची वर, आईबापांची खाली, सगळं झटपट. शेवटची एक राहायची, राजाची. ती हातात धरून उभी राहायची. मेण बोटांवर ओघळायचं, मागं बायांची रांग लागायची, कुणी खाकरायचं, कुणी जांभई द्यायचं.

"अगं, लाव एकदाची कुठंतरी," शेजारची म्लाडेना मागून कुजबुजायची. "तुझ्या राजापायी माझी भाकरी करपते तिकडं."

"तुझी भाकरी राजा नसतानाही करपते," येव्रोसिमा मान न वळवता म्हणायची.

पण तोंड कितीही चाललं तरी हात चालत नव्हता. जिवंत माणसाची मेणबत्ती खाली लावली तर आपल्याच हातानं त्याची कबर खणल्यासारखं. मेलेल्याची वर लावली तर बिचाऱ्याचा आत्मा तिकडं अंधारात चाचपडत बसायचा. आणि हा राजा जिवंत की मेला, ते गावात कुणालाच ठाऊक नव्हतं. परका असता तर तिनं मेणबत्ती विझवून खिशात घातली असती. पण राजा वोयीन तिचा धर्मबाप होता.

आमच्या वेलिगोर देशात तेव्हा रीतच होती. ज्या घरात नववं लेकरू जन्माला येईल, त्याचा धर्मबाप राजा. आई नऊ वेळा मरणाच्या दारात जाऊन आली, तर राजानं एवढं तरी करायला नको? राजा स्वतः काही यायचा नाही. एखादा मिशाळ अधिकारी पाठवायचा, तो पोराला बाप्तिस्म्याच्या पाण्यातून उचलायचा, नाव ठेवायचा, राजाच्या नावानं एक चांदीचा चमचा द्यायचा आणि पोटभर जेवून जायचा. पण वोयीन नवा राजा होता, विशीतला, मिसरूड फुटलेला. येव्रोसिमाच्या वेळी तो स्वतः आला. खिंडीतून चालत आला, बूट चिखलानं भरलेले, सोबत एकच शिपाई. का आला? बाप म्हणायचा, प्रजेवर माया होती म्हणून. आई म्हणायची, दरबारातल्या म्हाताऱ्यांना कंटाळून पळून आला होता पोरगा. शेजारी म्हणायचे, आमच्याकडची आलुबुखारची दारू त्याला कुणीतरी सांगितली होती. काही असो. त्यानं पोरीला उचललं, नाव ठेवलं, दोन वेळा जेवला, गवताच्या गंजीवर झोपला आणि सकाळी निघून गेला.

त्याचं राज्य तरी कसलं होतं म्हणावं? बापानं सांगितलेलं ऐकावं तर सोन्याचं, आणि बापाच्या पाठीवरचे वळ बघावे तर काठीचं. राजाच्या रानातून एक बीचचं झाड तोडलं म्हणून राजाच्याच शिपायांनी त्याला झोडपला होता. तो कण्हत कण्हत म्हणायचा, "त्याला ठाऊक नाही गं. त्याला कळलं असतं तर त्यानं..." आणि पुढं काय केलं असतं ते त्यालाही सुचायचं नाही. वोयीननं सुहोदोलला रेल्वेचं स्टेशन बांधलं. चांगलं दगडी, घड्याळासकट. रूळ मात्र आले नाहीत. आजही तिथं शेळ्या बांधतात. त्यानं मीठ स्वस्त केलं, मग महाग केलं. प्रधान बदलले, परत तेच आणले. मग लढाई आली, जर्मन आले, आणि राजा विमानात बसून गेला. कुणी म्हणालं रडत गेला, कुणी म्हणालं सोनं भरून गेला, कुणी म्हणालं एका पायात बूट नव्हता. लढाई संपल्यावर नवं सरकार आलं आणि सांगितलं, आता राजा नाही. शाळेत मास्तरांनी पुस्तकातलं राजाचं चित्र खरवडून काढायला लावलं. येव्रोसिमानं चाकूची पात धरली, मास्तरांकडं पाहिलं आणि म्हणाली, "धर्मबापाचं तोंड खरवडू?" त्या दिवशी तिची शाळा संपली. तिला त्याचं फार दुःख झालं असंही नाही.

मग नुसत्या बातम्या. राजा कॅनडात दिवे विकतो. राजा एका बेटावर साधू झाला. राजानं बटणांच्या कारखान्याच्या मालकिणीशी लग्न लावलं आणि आता तिचा हिशेब बघतो. राजा मेला, पेपरात आलं होतं, पण तो पेपर ज्यानं वाचला त्यानं त्यात मासे बांधून आणले होते. पाद्री दामस्कीननं तर एकदा वैतागून राजाच्या नावानं गहू उकडला, वर साखर पेरली आणि मेलेल्याचा म्हणून सगळ्यांना वाटला. येव्रोसिमानं हात मागं घेतला.

"का गं?" पाद्रीबाबा म्हणाले.

"तुम्ही प्रेत पाहिलंत?"

"तू जिवंत पाहिलास?"

त्या रविवारी तिनं दोन मेणबत्त्या लावल्या, एक वर, एक खाली. पाद्रीबाबा म्हणाले, एक माणूस दोन्हीकडं असू शकत नाही. ती म्हणाली, राजे कुठंही असू शकतात.

हे सगळं गमतीवारी चाललं असतं. पण आमच्याकडं धर्मबाप एकट्या लेकराचा नसतो, घराचा असतो, आणि लेक सासरी गेली की तिच्या घराचाही होतो. पुढच्या पोरांनाही त्यानंच, नाहीतर त्याच्या पोरानं पाण्यातून उचलायचं. दुसरा करायचा असेल तर पहिल्याकडं मक्याची भाकरी आणि दारूचा चंबू घेऊन जायचं, त्यानं भाकरी मोडायची आणि म्हणायचं, "मोकळं केलं." त्यानं मोकळं केल्याशिवाय दुसरा आणला तर त्या घरात पाळणा हलत नाही. येव्रोसिमाच्या मुलाचा, ओब्रादचा, बाप्तिस्मा म्हणूनच राहिला तो राहिलाच. त्याला त्याची पर्वा नव्हती. तो व्हिएन्नाला विटा रचत होता. पण सून स्तोयांकाची दोन पोरं पाळण्यातच गेली होती. आता तिसरा मुलगा झाला, गुटगुटीत, ओरडका. पाच महिन्यांचा झाला तरी त्याला नाव नव्हतं. 'बाळ्या, बाळ्या' म्हणत होते सगळे.

एके दिवशी स्तोयांकानं पिशव्या बांधायला काढल्या.

"सासूबाई, ओब्रादनं खोली बघितलीय. पुढच्या आठवड्यात मी आणि बाळ्या निघतोय. त्याआधी माझा भाऊ मिलोये धर्मबाप होईल आणि बाप्तिस्मा होईल. नाहीतर मी त्याला तसाच घेऊन जाते, आणि तिथं कोण बघतंय कुणाला पाणी लागलं की नाही."

"आणि धर्मबाप?"

"कुठला धर्मबाप? जो नाहीच तो?"

"नाही कशावरून?"

"मग आहे कशावरून?" स्तोयांकाचे डोळे भरले. "दोन पोरं पुरली मी. तुमच्या राजानं एकाच्या तरी मातीला यायचं होतं."

येव्रोसिमा मिलोयेच्या ढेरीवर बोलली, त्याच्या उधळ्या बायकोवर बोलली. पण रात्रभर पाळण्याची दोरी हातात धरून ती एकच विचार करत राहिली. मिलोयेला उभा केला आणि राजा जिवंत असला तर या पोराचं काय होईल? नाही उभा केला तर पोरगं नाव नसलेलं, पाणी नसलेलं, परमुलखात जाणार. हे दोन्ही तिला चालणार नव्हतं आणि तिसरं काही दिसत नव्हतं.

आणि मग रेडिओवर बातमी आली. राजा वोयीन येतोय. राज्य करायला नाही, आताच्या सरकारनं नुसतं बघायला म्हणून परवानगी दिली होती. वरच्या मठात त्याचे बापजादे पुरलेत, तिथं जाणार. रस्ता सुहोदोलवरून.

"बघ," येव्रोसिमा म्हणाली. "आहे."

"रेडिओनं तर बटाटे मुबलक आहेत असंही सांगितलं होतं," म्लाडेना म्हणाली.

राजा यायच्या दिवशी येव्रोसिमा पहाटेच उठली. मक्याची भाकरी थापली, चंबू भरला, बाळ्याला लोकरीत गुंडाळलं आणि स्टेशनाजवळ रस्त्यावर जाऊन उभी राहिली. मागून स्तोयांका, तिच्यामागं मिलोये नवा कोट घालून. धर्मबापानं पोराला नवं अंगडं आणायचं असतं, ते त्यानं काखेत धरलं होतं. राजानं मोकळं केलं की लगेच चर्चमध्ये जायचं, असं ठरलं होतं. पाद्रीबाबांनी पाणी कोमट करून ठेवलं होतं.

तीन गाड्या आल्या. गावातल्या पेयोच्या गायी रस्त्यात बसल्या होत्या म्हणून थांबल्या, नाहीतर थांबल्या नसत्या. येव्रोसिमानं मधल्या गाडीच्या काचेवर बोट वाजवलं. पुढून सोन्याच्या चष्म्याचा एक माणूस उतरला.

"आजी, बाजूला व्हा. महाराज थकलेत."

"मी त्यांची धर्मलेक आहे."

"ते सगळेच आहेत," तो म्हणाला. "तीन दिवसांत जेवढ्या धर्मलेकी भेटल्या तेवढे केसही नाहीत माझ्या डोक्यावर. एकीला घर हवंय, एकीला व्हिसा."

"मला त्यांच्याकडून काही नको. मला मोकळं व्हायचंय."

गाडीचं दार आतून उघडलं. उंच, वाकलेला म्हातारा बाहेर आला. परदेशी रेनकोट, पांढरी शुभ्र दाढी, आणि पायांत दोन्ही बूट होते. येव्रोसिमानं आधी तेच बघितलं. तो गायींकडं बघत होता, मग स्टेशनाकडं.

"गाडी वेळेवर आली का?" त्यानं विचारलं. बोलला आमच्याच भाषेत, पण आजोबांच्या काळातल्या, जसं आता कुणी बोलत नाही. मागं पोरी फिसकन हसल्या.

"रूळच आले नाहीत अजून, धर्मबाबा," येव्रोसिमा म्हणाली.

"येतील," तो म्हणाला. "मी प्रधानांना सांगितलंय."

चष्मेवाल्यानं खाली मान घातली. येव्रोसिमाला काय समजायचं ते समजेना. थट्टा करतोय? की खरंच? तिनं भाकरी पुढं केली, चंबू पुढं केला. आठवड्याभरात घोकून ठेवलेलं बोलली, की आमच्या घरात एक लेकरू आहे, तुम्हाला येणं झालं नाही, रस्ते बंद होते, दोष कुणाचाच नाही, तर भाकरी मोडा आणि आम्हाला मोकळं करा, म्हणजे दुसरा माणूस उभा करता येईल.

म्हाताऱ्यानं भाकरी हातात घेतली. वास घेतला. मोडली नाही.

"दुसरा कशाला?" तो म्हणाला. "मी आलोय की. चालत आलोय."

"महाराज, आपण गाडीतून..." चष्मेवाला म्हणाला.

"खिंडीत चिखल फार होता," राजा येव्रोसिमाला म्हणाला. "लेकरू कुठंय?"

मिलोये काखेतलं अंगडं सावरत पुढं आला. "अहो, पण मी..." कुणी त्याच्याकडं बघितलं नाही. येव्रोसिमानं भाकरी परत घेतली, म्हाताऱ्याचा हात धरला आणि चर्चकडं निघाली. आठवडाभर ज्याला मोकळं करायला सांगायचं म्हणून घोकत आली होती, त्यानं मोकळं करायला नकार दिला, आणि तिला राग यायच्या ऐवजी पायांत जोर आला. हे काय झालं ते तिचं तिलाच कळेना.

पाद्री दामस्कीन दारात उभे होते. ज्याच्या नावाचा गहू त्यांनी साखर पेरून वाटला होता, तो समोरून पायऱ्या चढत होता. त्यांनी आधी स्वतःवर क्रूसाची खूण केली, मग त्याच्यावर, मग परत स्वतःवर.

"विचारा आता, जिवंत पाहिलास का म्हणून," येव्रोसिमा जाता जाता म्हणाली.

स्तोयांका बाहेर राहिली. आमच्याकडं आई आत येत नाही. नाव ठेवलं की कुणीतरी बाहेर येऊन तिला सांगतं, तोवर तिनं जोत्यावर बसून राहायचं. तीही बसली, ओठ चावत.

आत राजानं बाळ्याला हातावर घेतलं, आणि बघता बघता पाठ ताठ झाली त्याची. पश्चिमेकडं तोंड करून सैतानावर थुंकला, पूर्वेकडं वळला, जुन्या भाषेतली प्रार्थना एका दमात म्हणाला. पाद्रीबाबाच दोनदा अडखळले, तो नाही. बाळ्या त्याच्या दाढीकडं टक लावून बघत होता. येव्रोसिमाला वाटलं, उगीच घाबरले मी, शहाणा आहे म्हातारा, थकला होता इतकंच.

"या देवाच्या लेकराचं नाव काय?" पाद्रीबाबांनी विचारलं.

"येव्रोसिमा," राजा म्हणाला.

म्लाडेनानं तोंडावर ओढणी दाबली.

"महाराज," पाद्रीबाबा हळूच म्हणाले, "मुलगा आहे."

"मुलगी आहे," राजा शांतपणे म्हणाला. "नववी. बाप बाहेर उभा आहे, खिशात हात घालून. हात थरथरताहेत त्याचे, कुणाला दिसू नयेत म्हणून. मी बघितलं येताना."

येव्रोसिमाचा बाप तर सांगायचा, मी खांबासारखा ताठ उभा होतो, राजासमोर डोळ्याची पापणी हलली नाही. साठ वर्षं घरात तीच गोष्ट. मग हे हात कुठून आले? या म्हाताऱ्याला आठवतंय, की आत्ता सुचतंय? आणि आठवत असेल तर समोर उभी असलेली मी त्याला कशी दिसत नाही?

पाद्रीबाबा तिच्याकडं बघत होते. सगळेच बघत होते. धर्मबापाचा पहिला शब्द हाच शब्द, तो पुसता येत नाही, हे पोरंटोरंही जाणतात. फक्त एकच वाट होती. तिनं म्हणायचं, या माणसाचं डोकं ठिकाणावर नाही, हा बाप्तिस्मा धरू नका. मिलोये दाराशी अंगडं घेऊन तयारच होता. त्यानं घसाही साफ केला.

म्हाताऱ्याच्या हातांवर बाळ्या निवांत पडला होता. ते हात मात्र थरथरत नव्हते.

"धर्मबापाचा शब्द पडला," येव्रोसिमा म्हणाली. आवाज तिला स्वतःलाच परका वाटला. "पाणी गार होतंय, पाद्रीबाबा. उरका."

पोरगं तीन वेळा पाण्यात गेलं, तीन वेळा वर आलं आणि असं रडलं की बाहेर रस्त्यातल्या गायी उठल्या.

अंगणात राजानं ते ओलं गाठोडं तिच्याकडं दिलं. देता देता थांबला.

"तू हिची कोण, बाई?"

येव्रोसिमानं तोंड उघडलं. आजी म्हणावं तर तो मुलीबद्दल विचारत होता. मीच ती म्हणावं तर गाठोड्यात मुलगा होता. साठ वर्षं ज्या माणसाला काय काय सुनवायचं म्हणून जपून ठेवलं होतं, त्याच्यासमोर तिला एवढंही सांगता येईना, की मी कोण.

"घरचीच आहे," ती म्हणाली.

"नीट सांभाळा. नवव्याकडं कुणाचं लक्ष जात नाही." त्यानं बाळ्याच्या कपाळावर बोट टेकवलं. "मी येत जाईन हिला बघायला. दरवर्षी."

"या," येव्रोसिमा म्हणाली.

चष्मेवाल्यानं त्याला गाडीत बसवलं. जाता जाता तो काचेतून स्टेशनाच्या घड्याळाकडं बघत होता. ते कधी बंद पडलं कुणाला ठाऊक. गाड्या मठाकडं वळल्या आणि धूळ राहिली.

स्तोयांका जोत्यावरून उठून पळत आली. "काय ठेवलं? नाव काय ठेवलं?"

म्लाडेना एकाएकी खाली बसून बुटाची नाडी बांधू लागली.

"येव्रोसिमा," येव्रोसिमा म्हणाली.

"तुमचं नाही विचारलं. त्याचं."

"तेच."

स्तोयांकाला समजायला जरा वेळ लागला. मग जे समजलं ते तिनं सगळ्या गावाला ऐकू जाईल असं बोलून दाखवलं. वेडा राजा, त्याहून वेडी सासू, आणि मधल्यामध्ये माझ्या पोराचा बळी. मोठा झाला की पोरं त्याला घागरा आणून देतील. मिलोये म्हणाला, मी उभा होतो तिथंच, मला कुणी विचारलं तरी होतं का?

"व्हिएन्नात कुणाला कळतंय कुठलं नाव बाप्याचं आणि कुठलं बाईचं," म्लाडेना खालूनच म्हणाली. "त्यांना सगळी सारखीच."

"तुम्ही का नाही थांबवलंत?" स्तोयांका सासूपुढं येऊन उभी राहिली. ती ओरडत नव्हती आता. "खरं सांगा. तो शुद्धीवर होता का?"

"मला नाही कळलं."

"मग चाललं कसं तुम्हाला?"

"तेही नाही कळलं," येव्रोसिमा म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदा सुनेला असं उत्तर दिलं असेल तिनं. स्तोयांकाही गांगरली. तिनं पोराला हातात घेतलं, त्याचं ओलं डोकं आपल्या ओढणीनं पुसलं, त्याच्या तोंडाकडं बराच वेळ बघितलं.

"मला नाही जमणार हे नाव घ्यायला," ती शेवटी म्हणाली. "तुम्ही ठेवलंत ना? मग पहिली हाक तुम्हीच मारा. बघू या, कसं वाटतं ते."

येव्रोसिमा वाकली. बाळ्या आता रडायचा थांबला होता आणि वाट बघितल्यासारखा बघत होता. अजून कुणीतरी मागून हाक मारणार असल्यासारखं तिनं एकदा मागं वळूनही बघितलं. मग स्वतःचंच नाव, हळू, अनोळखी माणसाला विचारावं तसं, तिनं त्याच्या कानाशी उच्चारलं, आणि दोघांपैकी ओ कुणी द्यायची, ते तिला समजेना.